धुराची धग

दिवाळी झाली की साखर कारखान्याचा भोंगा वाजतो. टोळ्या येतात. रानात कोप्या उभ्या राहतात. गव्हाणीत पहिली मोळी पडली की पुढचे चार-पाच महिने रस्त्याला उसावाचून दुसरे काही दिसत नाही. पुढे ट्रॅक्टर, मागे एक ट्रॉली, तिच्या मागे आणखी एक ट्रॉली. दिवस थंडीचे असतात. निफाडकडे तर पहाटे हातातले स्टिअरिंग बर्फासारखे लागते. ड्रायव्हर कानाला मफलर गुंडाळतो आणि म्हणतो, "काय थंडी पडलीय! आज इंजिन काय तापत नाय."

खरेच तापत नाही का? या पाठात आपण तेच पाहणार आहोत.

हा प्रश्न लहान नाही. ट्रॅक्टर बहुधा बँकेच्या कर्जावर घेतलेला असतो. मुकादमाला आणि टोळीला उचल आधीच दिलेली असते. ऐन जानेवारीत इंजिन बसले, तर ऊस फडात वाळतो, टोळी रिकामी बसते आणि हप्ता मात्र थांबत नाही. एका पिस्टनपायी सगळा हंगाम गेलेली घरे आम्ही पाहिली आहेत. म्हणून हा पाठ जरा सावकाश वाचा. ज्याच्या घरी ट्रॅक्टर किंवा ट्रक आहे, त्याने तर दोनदा वाचावा.

आधी इंजिनाच्या पोटात काय चालते ते पाहू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन वर येतो आणि हवेला दाबतो. हवा दाबून दाबून तिच्या सोळाव्या-सतराव्या हिश्श्याइतकी लहान होते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप गरम होतो ना? तसेच हे. पण इथे हवा इतकी तापते, की तिच्यात डिझेलचा फवारा पडताच तो आपोआप पेट घेतो. ही युक्ती रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन माणसाची. १८९७ साली त्याचे इंजिन नीट चालू लागले. त्याचेच नाव पुढे तेलाला पडले.

डिझेल जळले की उष्णता निघते. तिचा साधारण तिसरा हिस्सा चाक फिरवतो. दुसरा तिसरा हिस्सा पाण्यात आणि इतर धातूत जातो. उरलेला तिसरा हिस्सा धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर पडतो. म्हणजे शंभर रुपयांचे डिझेल घातले, तर तीस-पस्तीस रुपयांची उष्णता धुरावाटे आभाळात जाते!

आता नीट लक्ष द्या. डॅशबोर्डवर जो काटा असतो, तो पाण्याची उष्णता दाखवतो. धुराची नाही. थंडीत गार वारा रेडिएटरला लागतो, पाणी गार राहते, काटा मध्यावरच राहतो. ड्रायव्हर निर्धास्त होतो. पण पाणी तापायला काही मिनिटे लागतात आणि धूर तापायला काही सेकंद पुरतात. चढाला लागलेला, दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर बघा. त्याच्या धुराची धग क्षणात चढते. काट्याला तिची खबरही नसते. उन्हाळ्यात निदान पाणी उकळते आणि ड्रायव्हर थांबतो. थंडीत तो इशाराही मिळत नाही.

ही धग किती असते? पाणी १०० अंशांना उकळते. इंजिन नुसते उभे चालू असेल, तर धूर साधारण १०० ते १५० अंश असतो. पुऱ्या ओझ्याखाली तो ६०० अंशांच्या वर जातो. टर्बो असलेल्या इंजिनात टर्बोच्या तोंडाशी ७०० अंशांच्या आसपास धूर सतत राहिला, तर ते धोक्याचे मानतात. नेमका आकडा ज्याच्या-त्याच्या इंजिनाच्या पुस्तकात पाहावा.

७०० म्हणजे किती, हे घरातल्या वस्तूवरून सांगतो. ॲल्युमिनियमचे पातेले ६६० अंशांना वितळते. आणि पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्र धातूचा असतो! ती तर त्याआधीच मऊ पडते. मग पिस्टन रोज का वितळत नाही? कारण आग क्षणभरच असते. लगेच नवी हवा आत येते. खालून ऑइल लागते आणि पिस्टनची उष्णता घेऊन जाते. आग आणि हवा यांचा तोल राहतो, तोवर पिस्टन जगतो. तोल बिघडला की पिस्टनचा माथा करपतो, रिंगा चिकटतात, हेडला चीर जाते.

तोल कशाने बिघडतो? डिझेल जास्त आणि हवा कमी झाली म्हणजे. एक लिटर डिझेल पुरते जळायला सुमारे १२ किलो हवा लागते. हवेचे वजन आपल्याला जाणवत नाही, म्हणून मापाने सांगतो. १२ किलो हवा म्हणजे सुमारे दहा हजार लिटर. पाण्याचा मोठा टँकर असतो ना, तेवढी हवा एका लिटर डिझेलला! तीही कमीत कमी. चांगले इंजिन याहून पुष्कळ जास्त हवा घेते.

आता थंडीची गंमत ऐका. थंड हवा दाट असते. एप्रिलच्या दुपारी ४० अंशांची हवा आणि जानेवारीच्या पहाटे १० अंशांची हवा, दोन्ही एकाच मापाने घेतल्या, तर पहाटेची हवा वजनाने दहावा हिस्सा जास्त भरते. म्हणजे थंडीत इंजिनाला श्वास जास्त मिळतो. तेवढेच डिझेल जाळले, तर धूर उलट जरा गारच निघतो. तेव्हा थंडी ही इंजिनाची वैरीण नाही. तिचा फायदा घेता आला पाहिजे. पण आपली माणसे काय करतात? "आज इंजिन जोरात आहे" म्हणून आणखी दहा मोळ्या चढवतात. देवाने दिले आणि कर्माने नेले!

पंप वाढवणे

याविषयी आम्ही थोडे कडक बोलणार आहोत. पुष्कळ लोक मिस्त्रीकडे जाऊन डिझेल पंप वाढवून घेतात. पंप वाढवला म्हणजे दर फवाऱ्याला डिझेल जास्त पडते. ट्रॅक्टर पहिल्या दिवशी रेड्यासारखा ओढतो. मालक खूष. पण हवा कोणी वाढवली? ती होती तेवढीच राहिली. जास्तीचे डिझेल अर्धेमुर्धे जळते. सायलेन्सरमधून काळा धूर सुटतो. काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा, म्हणजेच तुमचा पैसा. आणि धुराची धग वाढते ती वेगळीच.

काळा धूर ही ताकदीची खूण आहे असे काहींना वाटते. आमच्या ओळखीचे एक जुने ड्रायव्हर आहेत. सगळे त्यांना तात्या म्हणतात. ते पोरांना सांगतात, "बैलाच्या तोंडाला फेस आला तर तू त्याला ताकद म्हणतोस का रे?" आम्हाला यापुढे काही बोलायचे उरत नाही.

पंप न वाढवताही काळा धूर येत असेल, तर आधी एअर क्लीनर बघा. उसाचा रस्ता म्हणजे फुफाटा. चार दिवसांत जाळी मातीने भरते. नाक दाबून ओझे वाहायला सांगितले, तर माणूस किती चालेल? टर्बोकडून येणारा रबरी पाइप सैल झाला असेल, तरी हवा वाटेतच निसटते. त्याची क्लिप घट्ट करा. तेवढ्याने भागले नाही, तर नोझल तपासून घ्या.

चढाला गिअर कोणता?

पुष्कळांना वाटते, मोठ्या गिअरमध्ये इंजिन हळू फिरते, म्हणून त्याला आराम मिळतो. सपाट रस्त्याला रिकामी गाडी असेल तर हे खरे. ओझे घेऊन चढताना हे अगदी उलटे आहे.

समजा, शंभर पोती माडीवर न्यायची आहेत. एका हमालाने दोन-दोन पोती पाठीवर घेतली, तर खेपा कमी होतील, पण पाठ मोडेल. एकेक पोते घेतले, तर खेपा दुप्पट, पण पाठ शाबूत. इंजिनाचेही तसेच. मोठ्या गिअरमध्ये फेरे कमी, म्हणून दर फेऱ्याला डिझेलचे ओझे जास्त. शिवाय फेरे कमी म्हणून टर्बोही मंद आणि हवा कमी. मग धग चढणारच. खालचा गिअर टाका. फेरे वाढतील, दर फवाऱ्याला डिझेल कमी लागेल, हवा जास्त येईल, पंखा आणि पाण्याचा पंपही जोरात फिरेल. वेग कमी होईल, तो होऊ द्या. धुराची धग पाहता-पाहता शंभर अंशांनीसुद्धा उतरू शकते.

मात्र गिअर चढाच्या आधी बदला. इंजिन गुदमरून "घुर्र घुर्र" करू लागल्यावर, मागे दोन ट्रॉल्या असताना, मध्येच गिअर बदलायला जाऊ नका. गिअर पडला नाही, तर गाडी मागे येते. मागे कोण उभे आहे ते आपल्याला दिसत नाही.

टर्बो हा शब्द वर आला. तोही समजून घेऊ. टर्बो म्हणजे एका दांड्यावरची दोन लहान चक्रे. एका चक्रावर गरम धूर आदळतो आणि ते फिरते. दुसरे चक्र त्याच दांड्यावर असल्यामुळे तेही फिरते आणि बाहेरची हवा इंजिनात कोंबते. आल्फ्रेड ब्यूकी या स्विस इंजिनिअराने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यायचे, अशी ही हुशारी. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो. तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ऑइल नाही, तर टर्बो नाही, हे ध्यानात ठेवा.

आता पहाटेचे बघू. फडात रात्री ट्रॉल्या भरल्या. ट्रॅक्टर तिथेच दवात उभा. पहाटे चार वाजता ड्रायव्हर उठतो, सेल मारतो आणि लगेच ओल्या रानातून भरलेली ट्रॉली हिसडा मारून बाहेर काढतो. सगळ्या दिवसातले सर्वांत जड काम आणि तेच थंडगार इंजिनाकडून! आमच्या मते इंजिनाचे सर्वांत जास्त नुकसान याच पाच मिनिटांत होते.

ते कसे? ॲल्युमिनियम तापल्यावर बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगते. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि लायनर बिडाचा. एकदम जोर दिला की पिस्टन आधी फुगतो, लायनर अजून थंडच असतो. मग पिस्टन लायनरला घासतो. शिवाय गार ऑइल काकवीसारखे घट्ट असते. ते टर्बोच्या दांड्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. ऑइलच्या डब्यावर १५ डब्ल्यू ४० असे लिहिलेले तुम्ही पाहिले असेल. त्यातला डब्ल्यू म्हणजे इंग्रजीतला हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते ऑइल थंडीत लवकर वाहते.

म्हणून इंजिन सुरू झाले की एक-दोन मिनिटे हळू चालू द्या. पांढरा धूर येईल. तो न जळलेल्या डिझेलच्या वाफेचा असतो. इंजिन तापले की तो जातो. दुपारपर्यंत गेला नाही, तर मिस्त्रीला दाखवा. मग आधी ट्रॅक्टर मोकळाच रानात एक फेरी फिरवा, किंवा एकच ट्रॉली बांधापर्यंत आणा, आणि मग दुसरी जोडा. तेवढ्या वेळात तुमचा चहा होतो.

सुरू होत नाही म्हणून कोणी हवेच्या पाइपाशी पेटती चिंधी धरतात, कोणी टाकीखाली जाळ करतात. असे करू नका. बाजूला उसाचे पाचट असते, हे विसरू नका. इंजिनाला हीटर असेल, तर तो नीट आहे का पाहा. बहुतेक वेळा दोष बॅटरीत असतो. थंडीत बॅटरीची ताकद घटते.

याच्या उलट दुसरी खोड. कारखान्याच्या आवारात नंबर लागायला वेळ असतो. इंजिन बंद केले तर पुन्हा सुरू होईल की नाही, या भीतीने ड्रायव्हर ते तासन्‌तास चालूच ठेवतो. थंडीत उभे चालणारे इंजिन पुरते तापत नाही. डिझेल अर्धवट जळते. उरलेले लायनरवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. रिंगांवर काजळी बसते. म्हणजे चढाला धूर फार तापतो आणि आवारात फार गार राहतो. दोन्ही वाईट. तेव्हा चढ चढून आल्यावर दोन-तीन मिनिटे इंजिन हळू चालू ठेवा. टर्बोचे लाल झालेले चक्र गार होऊ द्या. लगेच बंद केले, तर तिथले ऑइल तव्यावरच्या तेलासारखे करपते. पळून आलेल्या बैलाला आपण लगेच पाणी दाखवत नाही, तसेच हे. पण दोन-तीन मिनिटे झाली की बंद करा. रात्रभर नको.

आणखी एक गोष्ट. थंडीत इंजिन लवकर तापावे, म्हणून काही जण रेडिएटरपुढे पोते किंवा पुठ्ठा बांधतात. अमेरिकेत, कॅनडात फार थंडी असते. तिकडचे ट्रकवालेही असा पडदा लावतात. पण ओझे ओढायचे झाले की तो उघडतात. का? टर्बोने कोंबलेली हवा दाबामुळे तापून १०० अंशांच्या वर जाते. ती गार करायला पुष्कळ गाड्यांत रेडिएटरपुढेच आणखी एक जाळी असते. तिला इंटरकूलर म्हणतात. पोते बांधले की तिचाही वारा बंद! मग गरम, विरळ हवा आत जाते आणि धुराची धग वाढते. काटा मात्र म्हणतो, सगळे ठीक आहे. आपल्याकडच्या थंडीत पोत्याची गरजच नाही. इंजिन लवकर तापवण्याचे काम थर्मोस्टॅट करतो. पाणी ८० अंशांच्या आसपास तापेपर्यंत तो त्याची वाट अडवून धरतो. उन्हाळ्यात कोणी तो काढून टाकला असेल, तर परत बसवून घ्या. आणि हो, थंडीत उसाला तुरा येतो. त्याची भोंडे आणि पाचटाचा कचरा जाळीत अडकतो. पोते न बांधताही पडदा तयार होतो! रोज संध्याकाळी जाळी झाडा.

ज्यांना धुराची धग डोळ्यांनी पाहायची आहे, त्यांच्यासाठी मापक मिळतो. दोन वेगळ्या धातूंच्या तारांची टोके जोडून ती धुराच्या वाटेत बसवतात. जोड तापला की तारांत किंचित वीज तयार होते. तिच्यावरून आकडा कळतो. हा गुण झेबेक नावाच्या शास्त्रज्ञाला १८२१ साली आढळला. मापक टर्बोच्या आधी बसवला की खरी धग कळते. टर्बोच्या पुढे बसवला, तर ओझ्याखाली आकडा शंभर-दीडशे अंशांनी, कधी त्याहूनही कमी दिसतो. हे माहीत नसले, तर फसगत होते. बसवण्यासाठी भोक पाडावे लागते. लोखंडाचा कीस टर्बोत गेला तर चक्र फुटते, म्हणून हे काम जाणकारानेच करावे.

नव्या गाड्यांविषयी

१ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात बीएस ६ च्या गाड्याच विकल्या जातात. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांनाही १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागले. अशा पुष्कळ गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरला की गाडी स्वतःच धूर ५५०-६०० अंशांपर्यंत तापवते आणि काजळी जाळून टाकते. त्या वेळी डॅशबोर्डवर दिवा लागतो. मध्येच इंजिन बंद करू नका. थंडीत तासन्‌तास उभे चालवणाऱ्यांचा फिल्टर लवकर तुंबतो, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

पण त्या वेळी गाडी कुठे उभी आहे? ट्रकचा सायलेन्सर खाली असतो. खाली वाळलेले पाचट असेल, तर ते याहून पुष्कळ कमी धगीने पेटते. गाडी, ऊस आणि शेजारची कोपी, सगळे जाईल. कोपीत लेकरे झोपलेली असतात. म्हणून फडात गाडी उभी करताना आधी खालचे पाचट बाजूला सारा. जुन्या गाडीलाही हे लागू आहे.

काही गाड्यांत युरियाचे पाणी घालायची वेगळी टाकी असते. ते पाणी धुरातला विषारी वायू मारते. पण धूर सुमारे २०० अंश तापल्यावाचून ते नीट काम करत नाही. उसाला घालतो तो युरिया पाण्यात कालवून त्या टाकीत ओतू नका. तो तितका शुद्ध नसतो, महागाचे यंत्र बिघडते. हे पाणी उणे ११ अंशांना गोठते. आपल्याकडे ती भीती नाही. लडाखकडे आहे. तिकडे तर साधे डिझेलही मेणासारखे थिजते, म्हणून नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारे खास डिझेल तिकडे विकायला आणले. नाशिकचा कांदा किंवा द्राक्षे घेऊन डिसेंबर-जानेवारीत उत्तरेला जाणाऱ्या ड्रायव्हरांनी टाकी इथेच काठोकाठ भरून नेऊ नये. थंड मुलखात पोचल्यावर तिथले हिवाळी डिझेल भरावे.

शेवटी आवारातल्या रात्रीविषयी. थंडी वाजते म्हणून इंजिन चालू ठेवून, केबिनच्या काचा लावून झोपू नका. छपराखाली चालू ट्रॅक्टरशेजारी अंथरूण टाकू नका. धुरात एक असा वायू असतो, की त्याला रंग नाही आणि वास नाही. सायलेन्सरचा जोड फुटका असेल, तर तो आत शिरतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. कोणाला असे झालेले दिसले, तर त्याला ओढून मोकळ्या हवेत आणा आणि ताबडतोब दवाखान्यात न्या. इंजिन बंद करा, दोन घोंगड्या घ्या आणि उसाच्या मोळ्यांच्या आडोशाला झोपा.